शुक्रवार दुपारचं विधेयक: बॅरिस्टर नाथ पै यांच्या प्रगतिपुस्तकात न मावणारी गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जे दोनदा सांगितलं ते इथे एकदाच ठेवलंय. बाकी मजकूर तोच आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, “आमच्या खासदाराची हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, हे सगळं आता फोनवर दिसतं. जुन्या खासदारांचं असं काही काढता येईल का? म्हणजे खरंच कोण काम करत होतं ते कळेल.”

प्रश्न चांगला आहे. मीही तसं प्रगतिपुस्तक काढायला बसलो, आणि माणूस निवडला तो घरातला. घरातला म्हणजे नात्यातला नव्हे. देवगड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर गणपतीच्या शेजारी एक फोटो होता. लहानपणी मला वाटायचं, हे कुणीतरी पणजोबा असणार. आजीला विचारलं तर म्हणाली, “ते नाथ पै. आमचो माणूस.” बास, एवढंच. आमचा माणूस म्हणजे काय, ते सांगायची तिला गरजच वाटली नाही.

तर आज या ‘आमच्या माणसा’चा हिशोब करूया. मला तो जरा अवघड गेला, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी थोडी ओळख. नाथ बापू पै. जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ले. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास, मग इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर. प्रजासमाजवादी पक्ष. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना, राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले. १९६२ ला परत, १९६७ ला परत. तिन्ही वेळा विरोधी बाकावर. मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, सत्तेची ऊब एक दिवसही नाही. १९६७ च्या लोकसभेत त्यांच्या पक्षाचे खासदार होते १३. सभागृह सव्वापाचशेच्या आसपास, त्यात हे तेरा!

आता तुम्ही म्हणाल, तेरा माणसं काय करणार? प्रश्न विचारणार, भाषण करणार, सभात्याग करणार. नाथ पै यांनी यातलं भाषण तर असं केलं की अजून कोकणातली म्हातारी माणसं त्याबद्दल बोलतात. कोकण रेल्वेसाठी ते संसदेत भांडले, सीमाप्रश्नावर बोलले, चीनबद्दल बोलले. पण आज मी त्यांच्या एकाच कामाबद्दल सांगणार आहे. ते काम पूर्ण झालं नाही. पूर्ण झालं नाही म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे.

त्यासाठी आपल्याला पंजाबात जावं लागेल, जालंधरला.

तिथे गोलकनाथ नावाचं एक कुटुंब होतं. जमीन पाचशे एकरांच्या वर. पंजाबच्या जमीनधारणा कायद्याने माणशी ३० एकरांची मर्यादा घातली, उरलेली जमीन अतिरिक्त ठरली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं असं, की मालमत्ता हा आमचा मूलभूत हक्क आहे, आणि घटनादुरुस्ती करून तुम्ही तो काढून घेऊ शकत नाही.

हा वाद नवा नव्हता. १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं की संसदेला मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते. १९६५ मध्ये सज्जनसिंग खटल्यात पुन्हा तेच सांगितलं. आणि इथे आपल्यासाठी गंमत आहे. त्या १९६५ च्या निकालात बहुमताचा निवाडा लिहिणारे सरन्यायाधीश होते गजेंद्रगडकर, आणि संसदेच्या या अधिकाराबद्दल शंका घेणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते मुधोळकर. म्हणजे दोन मराठी न्यायमूर्ती, एकाच पीठावर, दोन टोकांना. मुधोळकरांनी तर विचारलं की घटनेची जी मूलभूत वैशिष्ट्यं आहेत ती बदलणं म्हणजे दुरुस्ती करणं की घटनाच नव्याने लिहिणं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२७ फेब्रुवारी १९६७. सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान नुकतंच झालेलं. त्या दिवशी गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या बाजूने निकाल असा: यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. घटनादुरुस्ती करूनही नाही. आधी केलेल्या दुरुस्त्या मात्र चालू राहतील, नाहीतर देशभरच्या जमीन सुधारणा कोसळतील. म्हणजे गोलकनाथ कुटुंबाला जमीन मिळाली नाहीच, पण त्यांचं तत्त्व जिंकलं.

आता दिल्लीतली ही गोष्ट आमच्या माजघरापर्यंत कशी येते ते बघा.

माझे आजोबा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, नांगर आजोबांचा. पीक आलं की खंड घालायचा, उरलं तर खायचं. १९४८ चा मुंबईचा कुळकायदा आला, मग त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या तारखेला जो जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. तो कुळकायदा, आणि कोकणातली खोती मोडणारा कायदा, हे दोन्ही घटनेच्या नवव्या परिशिष्टात होते. नववं परिशिष्ट म्हणजे थोडक्यात एक कुलूपबंद पेटी. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती तयार केली. त्यात ठेवलेल्या कायद्याला ‘मूलभूत हक्काचा भंग होतो’ म्हणून न्यायालयात हात लावता येत नव्हता. आजोबांच्या सातबाऱ्याला त्या पेटीचं राखण होतं. पेटीतलं जुनं सामान सुरक्षित राहिलं. पण निकालाने सांगितलं की आता नवीन काही ठेवायचं नाही.

काँग्रेस सरकार गोंधळलं. निवडणुकीत मार खाल्लेला, अनेक राज्यं हातून गेलेली. काय करावं ते ठरेना. आणि मग ७ एप्रिल १९६७, वार शुक्रवार, विरोधी बाकावरून नाथ पै उठले आणि त्यांनी घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. मागणी एकच: मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेत स्पष्ट लिहा.

वार शुक्रवार, हे मी उगाच सांगत नाही. मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाला खाजगी विधेयक म्हणतात. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारी कामकाजाचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. शुक्रवार दुपार! निम्मे खासदार गावी जायच्या गडबडीत. त्यात चर्चेला कुणाचं विधेयक येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आणि घटनादुरुस्तीचं विधेयक असेल तर नुसतं बहुमत चालत नाही. हजर असून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे त्या वेळी दोनशे साठच्या वर माणसं शुक्रवारी दुपारी बाकावर बसलेली हवीत आणि त्यांनी ‘होय’ म्हणायला हवं. सरकारने पक्षादेश काढल्याशिवाय हे होणं जवळपास अशक्य. स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत संसदेने मंजूर केलेली खाजगी विधेयकं आहेत फक्त चौदा. शेवटचं १९७० साली. त्यातलं एकही घटनादुरुस्तीचं नाही.

नाथ पै बॅरिस्टर होते, दहा वर्षं संसदेत काढली होती. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? तरी मांडलं.

त्यांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत सांगतो. घटना लोकांनी स्वतःला दिली. लोक आपली इच्छा निवडणुकीतून आणि संसदेतून सांगतात. समाज बदलायचा असेल, जमीन कसणाऱ्याला द्यायची असेल, तर संपत्तीचा हक्क वाटेत येणारच. अशा वेळी शेवटचा शब्द कुणाचा? न्यायमूर्तींच्या एका जादा मताचा, की कोट्यवधी मतदारांच्या प्रतिनिधींचा? आणि लोकांनी निवडलेली संसद एखाद्या दिवशी स्वातंत्र्याचाच गळा घोटेल अशी भीती असेल, तर त्यावर औषध न्यायालय नव्हे. औषध म्हणजे जागा असलेला मतदार.

समोरच्या बाजूला स्वतंत्र पक्ष होता. त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. आज तुम्ही जमिनीसाठी दार उघडाल. उद्या दुसरा कुणी त्याच दारातून भाषणस्वातंत्र्य घेऊन जाईल. तुमच्या हेतूवर आमचा विश्वास आहे, पण अधिकार हेतू बघून वापरला जात नाही. बहुमत आज सज्जनाकडे आहे, उद्या कुणाकडे असेल काय सांगावं?

एक प्रसंग तर नाटकात शोभेल असा. विधेयक मांडल्यावर चारच दिवसांनी, ११ एप्रिलला, सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांचे उमेदवार म्हणून उभे राहिले. म्हणजे गोलकनाथ निकाल देणारा माणूस विरोधकांचा उमेदवार, आणि तो निकाल पुसू पाहणारा माणूसही विरोधी बाकावरचाच. आज आपल्याला वाटतं की विरोधी पक्ष म्हणजे सरकार ‘हो’ म्हणालं की ‘नाही’ म्हणायचं. नाथ पैंच्या विधेयकाने सरकारचीच सोय होणार होती. तरी ते त्यांनी आणलं, कारण त्यांना ते बरोबर वाटलं.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. १९६८ मध्ये समितीचा अहवाल आला. मग परत शुक्रवार. चर्चा, तहकुबी, पुन्हा चर्चा. सरकारने विधेयक उचलून धरलं नाही आणि पाडलंही नाही. नुसतं ठेवून दिलं. मधल्या काळात काँग्रेस फुटली, बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, संस्थानिकांच्या तनख्यांवरून न्यायालय आणि सरकार पुन्हा समोरासमोर आले. शेवटी २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यापुढची प्रलंबित विधेयकं आपोआप संपतात. नाथ पैंचं विधेयकही संपलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पै गेले. आदल्याच दिवशी सीमाभागातला हुतात्मा दिन होता. वय अठ्ठेचाळीस.

आता प्रगतिपुस्तक भरा. मंजूर झालेलं विधेयक: नाही. मंत्रिपद: नाही. कोकण रेल्वे: हयातीत नाही. ती पूर्ण होऊन धावायला १९९८ उजाडलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी अडचण इथून पुढे सुरू होते, निदान माझी तरी.

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या. त्याच वर्षी २४वी घटनादुरुस्ती झाली. संसदेला घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येईल. म्हणजे गाभा तोच, जो नाथ पैंनी शुक्रवारी दुपारी मांडला होता. फक्त आता तो सरकारी विधेयकातून आला आणि एका झटक्यात पार झाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी गोलकनाथ रद्द ठरवला, २४वी दुरुस्ती कायम केली. सात विरुद्ध सहा अशा मतांनी एक मेख मात्र मारून ठेवली: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू नका. मुधोळकरांचा १९६५ चा प्रश्न आठवतोय ना? तोच आठ वर्षांनी उत्तर होऊन आला.

आणि मग जून १९७५. आणीबाणी.

१९७६ मध्ये ४२वी घटनादुरुस्ती आली. त्यात लिहिलं होतं की संसदेने केलेल्या घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. विरोधी बाकांवरचे अनेक जण तेव्हा तुरुंगात होते. राजापूरचे खासदार होते मधु दंडवते. नाथ पैंच्या पक्षाचे, नाथ पैंच्या जागेवर निवडून आलेले. त्यांनी आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात दीड वर्ष काढलं.

मंडळी, हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. माजघरातला तो फोटो डोळ्यांसमोर आला. आमच्या माणसाने ज्या अधिकारासाठी चार वर्षं शुक्रवार खर्ची घातले, तोच अधिकार आमच्याच मतदारसंघाचा माणूस गजाआड असताना असा वापरला गेला. स्वतंत्र पक्षाच्या लोकांनी सांगितलं होतं ते दार हेच. मग नाथ पै चुकले का?

काही दिवस मला वाटलं, हो, चुकले. आजीला हे सांगायला ती नाही, हे बरं आहे, असंही वाटून गेलं.

मग मी पुढचं वाचत गेलो. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीतच, सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की विनाचौकशी डांबलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का. चार विरुद्ध एक मताने न्यायालय म्हणालं, नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले. म्हणजे ‘संसदेवर भरवसा नको, न्यायालय आहे’ म्हणणाऱ्यांचं न्यायालयही त्या दिवशी कामी आलं नाही. दोन्ही राखणदार एकाच वर्षी झोपले.

आणि उठलं कोण? मार्च १९७७ मध्ये मतदार उठला. सरकार गेलं. राजापूरने दंडवत्यांना परत पाठवलं, ते रेल्वेमंत्री झाले. नव्या संसदेने १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती केली. तिने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. गोलकनाथ निकाल उभा राहिला असता तर हे करताच आलं नसतं. आणि त्याच दुरुस्तीने असंही लिहून ठेवलं की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही बजावून घेता येईल, त्यासाठी न्यायालयाचं दार बंद करता येणार नाही. म्हणजे ज्या हत्याराने जखम झाली, त्याच हत्याराने शस्त्रक्रिया झाली. ४२व्या दुरुस्तीतला तो ‘मर्यादा नाही’वाला भाग मात्र १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने काढून टाकला.

तेव्हा माझं मत सांगतो, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. नाथ पै निम्मे बरोबर होते. घटना बदलण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींकडे हवा, हे त्यांचं म्हणणं टिकलं. पण त्या अधिकाराला कुंपण नको, हे टिकलं नाही, आणि टिकलं नाही ते बरं झालं. त्यांच्या विरोधकांचं नेमकं उलट. आज आपण ज्या व्यवस्थेत राहतो ती या दोन निम्म्यांची मिळून झालेली आहे. आणि हे दोन्ही निम्मे आपल्याला इतक्या स्पष्ट दिसतात, कारण त्या शुक्रवारी दुपारी कुणीतरी उभं राहून वाद नीट मांडला आणि कुणीतरी तितक्याच नीटपणे तो खोडला. ते सगळं सभागृहाच्या इतिवृत्तात छापलेलं आहे.

श्रोत्याच्या प्रश्नाकडे येतो. हजेरी मोजा, प्रश्न मोजा, जरूर मोजा. जो खासदार सभागृहात बसतच नाही त्याचं कौतुक कशाला करायचं? पण विरोधी खासदाराचा हिशोब त्या आकड्यावर थांबत नाही. त्याच्या हाती सरकार नसतं, संख्या नसते, वेळही शुक्रवार दुपारचा. त्याच्या हाती एकच असतं: जो प्रश्न देशाला पुढे पडणार आहे तो आधी आणि स्वच्छ शब्दांत विचारून ठेवणं. उत्तर चुकलं तरी चालेल. प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर उत्तर सत्ता स्वतःच्या सोयीने लिहिते.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. घराची दुरुस्ती चाललेली, भिंतीवरचे फोटो काढून ट्रंकेत ठेवलेले. त्याच ट्रंकेत आजोबांच्या नावाचा जुना सातबारा मिळाला, घडीवर फाटलेला. चुलतभावाने विचारलं, नाथ पैंचा फोटो परत लावायचा की नको? काच फुटलीय.

मी म्हटलं, काच नवीन घालू. लावूया.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरी अशा कुणा खासदाराची, आमदाराची गोष्ट सांगितली जात असेल तर लिहून पाठवा. तो हरला असला तरी चालेल.